चप्पल झटकू नका

या, असे जवळ बसा. पण काय हो, दारात चप्पल झटकलीत ना? दिसता शहाणे आणि असं कसं करता! नाना जळगावला गेलेत म्हणून वाचलात.

नाना म्हणजे आमच्या देवपूरच्या घराच्या माडीवरचे भाडेकरू. वय पन्नास. मास्तरकी सोडून जळगावच्या विद्यापीठात पर्यावरण शिकताहेत. दारात कुणी आलं की हे जिना धडधड उतरतात, "झटकू नका! झटकू नका!" हातात वर्तमानपत्र आणि चमचा. चाळीसगावचे माझे जावई पहिल्या दिवाळसणाला आले, तर नानांनी त्यांचा बूट पालथा करून खरवडला. "गिरणाकाठचा गाळ! बठ्ठं सोनं शे, अक्का, सगळं सोनं!" जावई माझ्याकडे बघतात, मी नानांकडे. ओवाळू की बूट सोडवू, मला कळेना.

माडीवर लोणच्याच्या बरण्याच बरण्या, सगळ्यांत माती. प्रत्येकीवर चिठ्ठी: गाव, किती खोलवरची, तारीख. "मला शिव्या द्या अक्का, पण माझ्या मातीला हात लावू नका." राहायला आले तेव्हा एवढीच अट. शिरपूरची माती अशी का, चाळीसगावची तशी का, दहादा समजावतात. मी हो हो म्हणते. डोक्यात काही शिरत नाही.

आखाजीच्या सणाला मुली माहेरी येणार म्हणून मी चूल सारवायला घेतली. जिन्याखाली नानांचा पत्र्याचा डबा होता, मातीचा, पण चिठ्ठी नाही. मला वाटलं, टाकायची असेल. शेण घालून कालवली आणि चूल झकास सारवली.

संध्याकाळी नाना रिकामा डबा घेऊन चुलीपुढे उभे. 

"तुमची परीक्षा बुडवली का हो मी?"

"परीक्षेच्या बरण्या वर आहेत."

"मग ही कुठली?"

"आमच्या अंगणातली. गाव धरणात गेलं, तेव्हा आईनं निघताना डबा भरून घेतला होता."

"अहो, मग चिठ्ठी का नाही लावलीत?"

"आपल्या घराला कुणी चिठ्ठी लावतं का, अक्का?"

मला रडूच आलं. नाना मात्र खाली बसले. ओल्या चुलीवरून हळूच हात फिरवला आणि म्हणाले, "भाकरी कधी टाकताय?"

रागावले होते की आनंदले होते, मला अजून उमगलेलं नाही. पण त्या दिवसापासून माडीवर त्यांचा स्टो पेटला नाही. रोज इथेच, चुलीपुढे पाट टाकून जेवतात. चुलीला तडा गेला की एखादी बरणी आणतात आणि स्वतः लिंपतात. चुलीच्या त्या कोपऱ्यात आमच्या जावयांच्या बुटाचीही माती आहे, त्यांना सांगू नका.

पुन्हा लवकर या, नाना असताना. जेवायलाच या. आणि चप्पल तेवढी झटकू नका.