मुसफ्फातला धबधबा

बाहेर बेचाळीस डिग्री, आणि कासमचाचा दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता रूमच्या दारात उभे राहून ओरडायचे, "स्वेटर घ्या रे पोरांनो! जंगलात गारठा असतो."

जंगल म्हणजे गल्फमधल्या आमच्या मुसफ्फाच्या लेबर कॅम्पमागची खजुराची सात झाडं. त्यातलं एक मेलेलं.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, उन्हानं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मग मस्करी म्हणून मीच स्वेटर घालून निघालो. पंधरा मिनिटांत चक्कर येऊन रस्त्यावर बसलो. चाचांनी पाणी पाजलं आणि म्हणाले, "उंचीवर होतं असं. हवा विरळ असते." मुसफ्फात उंची! आमच्याकडे समुद्रापेक्षा गटार वर आहे, तेवढीच काय ती उंची.

चाचा रत्नागिरीकडचे. तीस वर्षं गल्फमध्ये. हल्ली कंपनीची लेबरची बस चालवतात, पण आधी सोळा वर्षं एका फ्रेंच इंजिनियरचे ड्रायव्हर होते. त्याला ते मुस्सू म्हणायचे, म्हणून आम्हीही मुस्सू. ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली की मुस्सू आपल्या गावाकडचं सांगत बसायचा. त्या गावाचं नाव मला घेता येत नाही. ते नाकातून बोलायचं असतं, आणि माझ्या नाकात कायम वेल्डिंगचा धूर. पण तिथे बघायला काय काय आहे ते विचारा. मी चौथी नापास, तीही दोनदा. पाढे डोक्यात कधी राहिले नाहीत, हे राहिलं. आधी दगडी पूल. पुढे बंद पडलेली पाणचक्की. मग चर्च, मग जंगल, जंगलात धबधबा, आणि शेवटी टेकडीवर पडका किल्ला, तिथे बसायला बाकडं. वाट चुकू नये म्हणून झाडाझाडावर पिवळा पट्टा.

हे अख्खं गाव चाचांनी मुसफ्फात आणून बसवलं होतं. पूल म्हणजे गटारावर टाकलेली लोखंडी प्लेट. तिच्यावरून एकेकानं जायचं, "जुना आहे, राजाच्या वेळचा." चर्च म्हणजे टायरचं दुकान. तिथे टोपी काढायची. टायरवाला पठाण पहिल्यांदा घाबरला, पुढे पुढे तोही टोपी काढून आमच्याबरोबर उभा राहायला लागला. पिवळी टेप यार्डातून आणून मीच दिव्याच्या खांबांना लावली. सेफ्टी ऑफिसरनं विचारलं, "ये क्या है?" मी म्हटलं, "सर, फ्रान्स." पुढचा आठवडाभर माझी ड्युटी उन्हात.

वाटेत गोडाउनच्या सावलीला पिकनिक. खबूस, म्हणजे इकडची रोटी, आणि त्रिकोणी चीज. "हळू खा रे मेल्या. तिकडचे लोक जेवायला दोन दोन तास घेतात." आता एका त्रिकोणाला दोन तास कसे लावायचे? म्हणून मी चार खायचो. तीन बाकीच्यांचे.

किल्ला म्हणजे आमच्या बिल्डिंगचा जिना. लिफ्ट चालू असताना चाचा चार मजले चढून गच्चीवर. आणि चालताना सगळा वेळ कानात फोनची वायर, तोंड सुरू.

पलीकडे मुस्सू असायचा. रिटायर होऊन गावी गेला आणि दोन वर्षांत त्याला पॅरालिसिस झाला. उठणं गेलं, बोलणं गेलं, एक "हं" तेवढा राहिला. रविवारी त्याची मुलगी फोन त्याच्या कानाला लावायची आणि चाचा त्याला त्याचं गाव फिरवून आणायचे.

मी एकदा म्हटलं, "चाचा, मग एसीत पडून सांगा ना. तो काय बघायला येतोय?"

"खुळा काय तू? चढावर बोलताना माणसाला दम लागतो. पडून बोललो तर दम कुठनं आणू?"

मुस्सूनं जाताना त्यांना सांगितलं होतं, कासिम, यू कम, आय शो यू एव्हरीथिंग. चाचांनी जायचं नक्की केलं होतं. पण एक सुट्टी घराच्या स्लॅबला गेली, एक मुलीच्या लग्नाला, एक चाचीच्या आजारपणाला, आणि त्यानंतरची, चाची गेल्यावर, तिच्या चाळीसाव्याला. मग सुट्टी मागायचं त्यांनी सोडलं. हे मला सगळं माहीत होतं बरं का. माहीत नव्हतं म्हणून केलं, असं म्हणायची सोय मी ठेवलेली नाही.

त्या रविवारी नवीन चार पोरं आली होती. नवीन माणूस दिसला की माझ्या अंगात येतं. त्यांना हसवल्याशिवाय मला खबूस पचत नाही. आम्ही धबधब्यापाशी पोचलो. धबधबा म्हणजे गाडी धुवायचं दुकान. पाइपातून पाणी उडत होतं, फेस वाहत होता. चाचा नेहमीसारखे डोळे मिटून उभे राहिले, हात पुढे केला. हातावर शिंतोडे पडले.

"मुस्सू, टुडे वॉटर व्हेरी फुल. लास्ट नाइट रेन कम. आय पुट हँड... ओहो, कोल्ड!"

मी वायर ओढली, फोन तोंडाशी धरला आणि बोंब ठोकली, "मुस्सू! नो वॉटरफॉल! कार वॉश! बिग कार, फुल सोप!"

पोरं हसली. गाडी धुणारे हसले. मला एकदम हिरो झाल्यासारखं वाटलं. असं आयुष्यात दोन-तीनदाच वाटलंय आणि दर वेळी नंतर मार बसलाय.

या वेळी मार बसला नाही. चाचांनी माझ्या हातातून फोन घेतला, खिशात घातला, आणि परत निघाले. पुलावरून सरळ गेले. एकेकानं जा, असं कुणाला म्हणाले नाहीत.

पुढच्या रविवारी पाच वाजले, साडेपाच वाजले. चाचा बेडवर पडून होते.

"चाचा, यल्ला, चला."

"आज नको. गुडघा."

त्याच्या पुढच्या रविवारीही गुडघा. मला वाटलं, मुस्सू रुसला. त्यानं फोन घ्यायचं सोडलं, माझ्यामुळे. तिसऱ्या रविवारी मी चाचांच्या पाया पडलो, म्हटलं, "नंबर लावून द्या, मी माफी मागतो." ऑफिसातल्या पोराकडून इंग्लिश पाठ करून आलो होतो. फोन लागला आणि सगळं विसरलो. "मुस्सू, सॉरी. आय गाढव. बिग गाढव."

तिकडून "हं हं हं" असा आवाज आला. मला वाटलं, गेला म्हातारा. पण तो हसत होता. मग मुलगी बोलली, सावकाश, मला कळेल अशा इंग्लिशमध्ये. पप्पांना पहिल्यापासून माहीत आहे. तुमच्याकडे ट्रक मागे घेताना टूं टूं वाजतं, ते ऐकू येतं. आमच्या जंगलात ट्रक नाहीत. तीन आठवडे झाले, ते घड्याळाकडे बोट दाखवतायत, कासिम का चालत नाही?

मी नाचायचाच बाकी होतो. "चाचा! तो रागावलाच नाही! त्याला सगळं ठाऊक होतं!"

"मलाही ठाऊक होतं," चाचा म्हणाले. "सोळा वर्षं मुसफ्फात काढली त्यानं. आवाज ओळखणार नाय?"

"मग अडलंय कुठे? उठा, चला!"

ते शर्टाला बटण लावत होते. दोरा दातानं तोडला.

"तू ओरडलास ना, तेव्हा मी डोळे उघडले. तिथे कधी उघडले नव्हते. आता मिटतो, तर साबणच दिसतो."

मी दोऱ्याचं रीळ उचलून डब्यात ठेवलं.

आता रविवारी ते बेडवर बसून फोन करतात. औषध घेतलं काय, इकडे गरमी बहुत आहे. तिकडून हं. पाच मिनिटांत खलास.

गेल्या रविवारी मी म्हटलं, "चाचा, मी धबधब्यापाशी जाऊन बघतो आणि तुम्हाला फोनवर सांगतो. तुम्ही त्याला सांगा." ते नको म्हणाले नाहीत. मी एकटाच गेलो. गाडी धुवायच्या दुकानासमोर उभा राहिलो, डोळे गच्च मिटले, हात पुढे केला, फोन लावला.

"बोल," चाचा म्हणाले. "काय दिसतं?"

जन्मभर मी थापा मारून पोट भरलंय. मुकादमाला मारल्या, बायकोला मारल्या, एकदा मेलेल्या आजीला दुसऱ्यांदा मारून सुट्टी घेतली. आणि त्या दिवशी डोळे मिटून उभा राहिलो तर एक थाप सुचेना. फोन चालू. चाचा थांबलेत. शेवटी मी डोळे उघडले.

"चाचा, एक पांढरी गाडी आहे. पुढची काच धुतायत."

पलीकडे बेड करकरला.

"बरं," ते म्हणाले. "ये मग. चहा टाकतो."