सेन्सर क्रमांक सात

पीक मातीत येतं हा समज मानवजातीत दहा हजार वर्षं टिकून राहिला, याचं मुख्य कारण त्या काळात पडद्यावर सादरीकरण करण्याची सोय नव्हती. लालबागच्या आमच्या नवसंजीवन सहकारी गृहनिर्माण संस्थेत ही सोय गेल्या वर्षी झाली आणि तो समज चाळीस मिनिटांत दूर झाला. (त्यात वडा-चहाची बारा मिनिटं धरलेली आहेत.)

मी या संस्थेचा सचिव, गुरुदत्त मेस्त्री. गोदीतल्या एका कचेरीत चौतीस वर्षं टिपणं लिहिली. त्यामुळे जे घडलं ते घडलं तसं लिहिता येतं, आणि जे घडायला नको होतं तेही शुद्धलेखनाची चूक न करता लिहिता येतं.

सादरीकरण केलं गंधार त्रिलोकेकर यांनी. गिरगावातलं जुनं, शिकलेलं घराणं; वय एकोणतीस; परळला काचेच्या इमारतीत कंपनी. कंपनीचं नाव 'मृद्गंध', आणि तिचा मूळ सिद्धांत असा की शेतीत माती असू नये. माती जड असते, तिच्यात किडे असतात, आणि ती नेमकी कुठून आली याचा कागद कुणाकडेच नसतो. त्याऐवजी पांढऱ्या नळ्यांतून खतपाणी खेळवायचं, नळ्यांना भोकं पाडून त्यांत रोपं बसवायची, आणि रोपांना काय हवं-नको ते सेन्सरने मोबाइलवर कळवायचं. पाण्याची नव्वद टक्के बचत, माणसांची शंभर टक्के बचत.

आमचे अध्यक्ष उन्मेष आंगणे उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्या बिल्डिंगमधल्या किती जणांच्या घरी गावाला शेती आहे? हात वर करा." एकशे बारा हात वर आले. "किती जण करतात?" एकही आला नाही. "म्हणजे अनुभवी लोक आहेत," अध्यक्ष म्हणाले, आणि प्रकल्प मंजूर झाला.

अडचण एकच होती. तेविसाव्या मजल्यावरच्या ज्या गच्चीवर ही आधुनिक शेती व्हायची, तिथे आधीपासून शेती होती. ती गंगुबाईंची.

गंगुबाई अकराव्या मजल्यावर राहतात. वय एकाहत्तर. लग्न होऊन मालवणकडून आमच्या चाळीत आल्या तेव्हा पिशवीतून अळूचे चार कंद घेऊन आल्या होत्या. ते अळू चाळीच्या गॅलरीत वाढलं. चाळ पाडली तेव्हा संक्रमण शिबिरात नळाखाली वाढलं. टॉवर झाला तेव्हा गच्चीवर, मासळीवाल्यांकडून मागून आणलेल्या थर्माकोलच्या चौदा खोक्यांत वाढलं. खत म्हणून मासे धुतलेलं पाणी. बावन्न वर्षं, तीन पत्ते, एकही सेन्सर नाही. हा प्रकार तज्ज्ञांच्या भाषेत 'ऐकीव पुरावा' या सदरात मोडतो, म्हणून त्याची दखल घेता आली नाही.

सभेत त्या मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. प्रश्नोत्तरांत त्यांनी एकच विचारलं, "माती नाय, मग मुळां धरतली कशाक?"

गंधार हसून म्हणाले, "आजी, मुळांना धरायची गरजच नाही. ती मोकळी राहतात."

"मोकळी," गंगुबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं. मी टिपण लिहीत होतो.

खोकी हटवण्याची नोटीस माझ्या सहीने निघाली. मसुदा मीच केला होता : 'गच्चीवर अनधिकृतपणे ठेवलेली माती व तीत उगवलेले पदार्थ सात दिवसांत हलवावेत.' लहानपणी हे पदार्थ मी त्यांच्याच घरी बसून, फतफत्याच्या रूपात, साधारण तीनशे वेळा खाल्ले होते. नोटिशीत ते नमूद करणं अप्रस्तुत ठरलं असतं. सातव्या दिवशी गंगुबाईंनी कंद काढले आणि बसने माझगावला धाकट्या बहिणीकडे, शकूकडे, नेऊन लावले. शकूची खोली तळमजल्यावर आहे आणि मागे बोळ आहे. गच्ची स्वच्छ झाली. मासळीच्या वासाबद्दलची तक्रारही आपोआप निकालात निघाली. (ती तक्रार ज्यांनी केली होती त्यांच्याकडे रोज बांगडे तळले जातात.)

मग नावीन्य सुरू झालं. उन्हाने पाणी तापतं म्हणून गच्चीवर जाड हिरवं कापड ताणलं. कापडामुळे ऊन येईना, म्हणून आत जांभळे दिवे लावले. दिव्यांनी हवा तापली, म्हणून पंखे आले. पंख्यांनी रोपं आडवी झाली, म्हणून त्यांना बांबूच्या काड्यांचा आधार दिला. (बांबू हा शाश्वत असतो.) या सगळ्यामुळे पाण्यात जी बचत झाली ती विजेने सुखरूप परत घेतली. पीक विलायती कोशिंबिरीच्या पानांचं होतं. ते निवडण्याचं कारण, ते लवकर येतं. ते खायचं कसं हा प्रश्न पुढच्या टप्प्यात हाताळायचा होता.

पहिल्या खेपेला दोनशे चाळीस रोपं लावली. नवव्या दिवशी दोनशे बारा मेली होती. मोबाइलवर मात्र दोनशे चाळीसच्या दोनशे चाळीस रोपांपुढे हिरवा हसरा चेहरा दिसत होता, कारण सहाही सेन्सर पाण्यात होते आणि पाणी उत्तम होतं.

दुसऱ्या खेपेच्या चौथ्या दिवशी मी सकाळी गच्चीवर गेलो तर गंगुबाई तिथे. कापडाबाहेरच्या उन्हात पापडाची चळत वाळवायला आल्या होत्या. पापड तसेच ठेवून त्या एका नळीशी ओणवल्या होत्या. गंधार शेजारी उभे. डोळ्यांखाली काळं झालेलं. कंपनीला पैसे देणारे लोक महिनाअखेरीस बघायला येणार होते.

गंगुबाईंनी नळीत मनगटापर्यंत हात घातला. "पाणी तापलाहा, बाबा. खालून भाजतंस ह्येंका."

"सेन्सर चोवीस अंश दाखवतोय, आजी."

"तो सेन्सर सावलीत बसलाहा. तू मुळां बसलीहत थय हात घाल."

गंधारने हात घातला. त्या मुलाचा चेहरा मी पाहिला. पाच वर्षांच्या शिक्षणात त्याला पाण्यात हात घाल असं कुणी सांगितलेलं नव्हतं, एवढं त्यावरून दिसत होतं.

त्या दिवसापासून गंगुबाई रोज दोन वेळा वर यायला लागल्या. मी एकदा लिफ्टपाशी विचारलं, "काकी, तुमची खोकी काढली त्यांनी, आणि तुम्ही त्यांच्याकडे राबता?"

"त्येंनी खंय? तू काढलंस," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. मग म्हणाल्या, "रोपां मरतत गुरुदत्ता. कोणाची आसत ता बघून मरणत नाय ती. माझ्यान बघवना नाय."

रोपं जगली. पण आता वेगळाच पेच उभा राहिला. प्रकल्प पूर्ण स्वयंचलित होता. माणूस लागतो असं दिसलं असतं तर पैसे देणाऱ्यांनी पैसे काढून घेतले असते. गंधारने एका रात्रीत उत्तर शोधलं (नवोन्मेष म्हणतात तो हाच) : यंत्रणेत गंगुबाईंची नोंद 'सेन्सर क्रमांक सात' अशी झाली. त्या हात घालून म्हणायच्या, "बरां आसा," की गंधार मोबाइलवर एक आकडा टाकायचे. "तापला" म्हटलं की दोन. एकदा त्या म्हणाल्या, "ह्येंका कंटाळो इलोहा." त्यासाठी आकडा ठरलेला नव्हता. गंधारने थोडा विचार करून शून्य पूर्णांक सात टाकले आणि दिवे दोन तास बंद ठेवले. दुसऱ्या दिवशी पानं ताठ.

सात महिने हे चाललं. सहा यंत्रं मिळून जेवढी चुकली त्याचा दहावा हिस्साही सातवं चुकलं नाही. कंपनीच्या रंगीत पुस्तिकेत त्याचा उल्लेख 'अनुभवाधारित, स्वयंशिक्षित, विजेविना चालणारी प्रणाली' असा झाला. देखभाल : दोन कप चहा, साखर कमी. गंगुबाईंना ही पुस्तिका दाखवायचं कुणाला सुचलं नाही. अर्थात यंत्रांना पुस्तिका दाखवतही नाहीत.

मग हरित महानगर पुरस्काराची पाहणी ठरली. विभाग : 'मानवविरहित शेती'. परीक्षक म्हणून आल्या कादंबरी धुरंधर, वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. साधी सुती साडी, हातात वही. पुस्तिका त्यांनी खरोखर वाचलेली होती. हा धोका आम्ही गृहीत धरला नव्हता.

"मला तुमचा सातवा सेन्सर बघायचाय," त्या म्हणाल्या. "आयुष्यभर प्रयोगशाळेत घालवलं मी. असे आकडे कधी पाहिले नाहीत. कुठाय तो?"

गंगुबाई चार हातांवर उभ्या होत्या. हात ओले. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आल्या होत्या, कारण पाहुणे येणार हे त्यांना कळलं होतं.

गंधारने माझ्याकडे पाहिलं. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. धुरंधर बाईंनीही माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांची नजर चांगली होती. खरं सांगितलं असतं तर त्यांनी बहुधा वही मिटून गंगुबाईंचा हात हातात घेतला असता. पण मग विभाग चुकला असता.

"तो मेंटेनन्सला गेलाय, मॅडम," मी म्हणालो.

गंगुबाईंनी दोन्ही हात पदराला पुसले आणि त्या जिन्याकडे गेल्या. मी मागून गेलो. बाविसाव्या मजल्यावर लिफ्ट मिळाली. अकरा मजले आम्ही एकत्र उतरलो. (वेळ : चौतीस सेकंद.) त्या दाराकडे बघत होत्या, मी कळफलकाकडे. दार उघडल्यावर म्हणाल्या, "तुझी आवस असती तर तुका विचारल्यान असता." आई जाऊन सोळा वर्षं झाली. मी बटण दाबलं.

पुरस्कार मिळाला. गंगुबाई वर यायच्या थांबल्या. तिसऱ्या दिवशी पानं पिवळी पडली, पाचव्या दिवशी नळ्यांतून वास यायला लागला. मोबाइलवर सगळे चेहरे हसरे.

गंधार माझ्यासह त्यांच्या दाराशी गेले. त्यांनी आत घेतलं, चहा दिला. गंधार म्हणाले, "आजी, प्लीज वर या. सगळं मरतंय."

"मी येव कशी? मी मेंटेनन्सक गेलंय मां."

गंधारने कप खाली ठेवला. म्हणाले, "काय देऊ, सांगा. पगार देतो."

"पगार नको. गच्चीच्या दारार फळो लावल्यात ना? त्येच्यार माझा नाव लिवा. पुरा."

"एवढंच?"

"तुका एवढां वाटता, तर लिव."

सर्वसाधारण सभा बोलावण्यात आली. फळ्यावर आधीच एकोणीस नावं होती : बिल्डर, बिल्डरचे वडील, पाइप पुरवणारे, वड्याची व्यवस्था पाहणारे. विसाव्याला जागा होती. पण गंधारच्या वकिलाने लेखी कळवलं की फळ्यावर काम करणाऱ्या माणसाचं नाव आलं तर प्रकल्प मानवविरहित राहत नाही आणि पुरस्कार परत करावा लागतो. अध्यक्षांनी भावनिक आवाहन केलं. म्हणाले, "गंगुकाकी आपल्या सगळ्यांच्या आहेत. मग एका फळ्यावर नाव लिहून त्यांना लहान कशाला करायचं?" टाळ्या झाल्या. ठराव फेटाळला गेला. ठरावाच्या बाजूने हात वर करायचं माझ्या मनात आलं होतं, पण सचिवाच्या हातात पेन असतं.

गंगुबाई उठल्या, खुर्ची घडी करून भिंतीला लावली आणि गेल्या. हल्ली रोज सकाळी त्या माझगावला जातात. शकूच्या बोळातल्या अकरा बायकांनी त्यांना बघून खोकी मांडली आहेत. मुळा, मिरची, लाल भाजी. तिथे फळा नाही. मी एकदा गेलो होतो. त्यांनी मला बसायला पाट दिला, माझ्याशी फार बोलल्या नाहीत, आणि निघताना एक मुळ्याची जुडी हातात दिली. ती घेऊन मी बसस्टॉपवर उभा राहिलो. दोन बस सोडल्या. का सोडल्या ते टिपणात बसत नाही.

आमचा प्रकल्प जोरात चालू आहे. गंधार पहाटे दादरच्या बाजारातून मुळांसकट पानं आणतात आणि नळ्यांच्या भोकांत बसवतात. ती मातीत, कुठल्यातरी शेतात, कुणीतरी वाढवलेली असतात. दर शनिवारी शाळांच्या सहली येतात. मुलं हसरे चेहरे मोजतात.

हा वृत्तान्त मी पूर्ण आणि अचूक लिहिला आहे, एक बाब सोडून. गंधार त्रिलोकेकर, उन्मेष आंगणे, कादंबरी धुरंधर, खुद्द मी, या सगळ्यांची आडनावं पहिल्याच उल्लेखाला दिली आहेत. गंगुबाईंचं दिलेलं नाही. आपण इथवर वाचलंत, मधूनमधून हळहळलात, आमच्या सभेला नावंही ठेवली असतील; पण ते आडनाव कुठे आहे असं आपण विचारलं नाहीत. सबब, ठराव फेटाळणाऱ्यांच्या संख्येत आपली गणना केलेली आहे. हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी. पूर्ण नावानिशी.