भर उन्हातला मुसळधार पाऊस

दुकानदाराने गच्चीवर पाऊस मोजायचं यंत्र बसवलं, तेव्हा बायकोने एकच प्रश्न विचारला, "हे सिमेंट विकणार का?"

"विकणार नाही. गिऱ्हाईक हेरणार!"

तो धंदा वाढवायच्या एका शिबिरातून नुकताच परतला होता आणि शिबिराचं वारं अजून अंगातून उतरलं नव्हतं. यंत्राने हवामान ओळखायचं आणि दुकानातल्या कॉम्प्युटरने आसपासच्या गिऱ्हाइकांना आपोआप मेसेज धाडायचे. वारा सुटला की पत्र्यांचे, पाऊस आला की वॉटरप्रूफिंगचे. मेसेज त्याने स्वतः लिहिले होते. शाळेत निबंधात जेमतेम पास होणाऱ्या आपल्या हातून इतकं रसाळ कसं उतरलं, या विचाराने त्याला स्वतःचाच हेवा वाटत होता.

एका रणरणत्या दुपारी गल्ल्यावर त्याचा डोळा लागला होता, तोच फोन वाजला. त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, कंत्राटदार.

"शेठ, पाऊस कुठाय?"

"कसला पाऊस?"

"तुमचाच मेसेज आहे! 'आपल्या भागात मुसळधार पाऊस सुरू झाला आहे. आपलं छत रडतंय का?' मी ऑफिसात होतो, फोनवरूनच स्लॅब थांबवला. मिक्सरमध्ये माल घट्ट होतोय आणि माणसं ताडपत्रीखाली बसून मला हसतायत!"

दुकानदाराने बाहेर पाहिलं. डांबर वितळायच्या बेतात होतं. कॉम्प्युटरवर मात्र पाऊस धो धो कोसळत होता. वाईट म्हणजे, पाऊस थांबेपर्यंत मेसेज चढत्या आवाजात जातील, अशी व्यवस्था त्याने हौसेने केली होती. 'अजून वाट बघताय?' जाऊन झाला होता. 'आता तरी उठा, बादली लावा!' नुकताच सुटला होता. हे बंद कसं करायचं, ते शिबिरात जेवणानंतर शिकवलं होतं आणि जेवणानंतर तो झोपला होता.

तो धापा टाकत गच्चीवर पोहोचला. यंत्राच्या खांबाला दोरी बांधून बायकोने चादरी वाळत घातल्या होत्या, आणि एका चादरीचं टोक यंत्राच्या पेल्यात नेमकं ठिबकत होतं.

"अगं, हे काय केलंस?"

"नवा खांब दिसला. म्हटलं, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझी काही सोय केलीत."

त्याने चादर काढली आणि तो खाली आला. दुकानात कधी नव्हे ती गर्दी जमली होती. विकत घ्यायला मात्र कुणी आलं नव्हतं. सगळ्यांच्या पुढे कंत्राटदार.

"यापुढे तुमच्याकडून गोणीभरही सिमेंट घेणार नाही!"

दुकानदाराने हात जोडले. "यंत्राची चूक नाही, पावसाचीही नाही. गाढव मी आहे."

इतका खरा मजकूर त्याने दुकानात आजवर उच्चारला नव्हता. तेवढ्यात गर्दी सारत एक म्हातारी पुढे आली. आता ही उरलीसुरली अब्रू काढणार, म्हणून त्याने मान खाली घातली.

"मेसेज तूच धाडलास ना?"

"हो, आजी. चुकलं."

"माझ्या स्वयंपाकघरात कालपासून वरच्यांच्या मोरीचं पाणी टपटपतंय. पोटच्या पोराला सांगितलेलं नाही. तुला कसं कळलं रे?"

"मला काही कळलं नव्हतं हो! गच्चीवर चादर ठिबकत होती, म्हणून..."

"मग त्या चादरीला माझं घर कुणी सांगितलं?"

दुकानदार चादरीची हकिगत पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला. पण तो जितकं नाकारी, तितके लोक आदराने मागे सरकू लागले. कंत्राटदाराने त्याला हळूच बाजूला घेतलं. "शेठ, रागात बोललो. मागच्या महिन्यात एक गच्ची करून दिली. तिचं काय वाटतं तुम्हाला?"

म्हातारीने वॉटरप्रूफिंगचा डबा घेतला, माणूस पाठवायला सांगितलं आणि पायरीवर थबकली.

"उद्या लेकीकडे जायचंय. छत्री घेऊ का रे?"

"आजी, देवाशपथ सांगतो, मला पावसातलं काही म्हणजे काही कळत नाही."

"बरं बरं," म्हातारी डोळे मिचकावून म्हणाली, "एवढ्या लोकांसमोर नको सांगूस. घेते मी छत्री."