एकाहत्तर नंबरचा जयजयकार

या, असे पुढे सरकून बसा. लवेल पेटवेची गोष्ट मागच्या रांगेतून ऐकायची नाही.

लवेल म्हणजे तीनशे वीस पौंडांची भिंत. अमेरिकन फुटबॉलमध्ये समोरून मुसंडी मारणारे रेडे अंगावर घ्यायचे आणि चेंडू फेकणाऱ्या टेटला वाचवायचं, हे त्याचं काम. अकरा वर्षांत चेंडूला हात लागला नाही की पेपरात नाव आलं नाही. हंगामाच्या शेवटच्या सामन्याआधी प्रशिक्षक ब्रँडव्होल्ड म्हणाले, "गुडघे गेलेत तुझे. आज घोळ घातलास तर पुढच्या वर्षी घरी बसून सामने बघ."

नेमकी त्याच दिवशी मोठी आई आली. लवेलला वाढवणारी ही आजी रविवारचं चर्च चुकवत नसे, म्हणून तिने एकही सामना पाहिला नव्हता. सामने रविवारी असत; हा मात्र शनिवारी होता. जांभळ्या झग्यांतली चर्चची बेचाळीस गाणारी माणसं बसमध्ये घालून ती अलाबामाहून थेट पहिल्या रांगेत येऊन बसली.

घरच्या मैदानाचा एक रिवाज असतो. आपल्या संघाकडे चेंडू आला की सत्तर हजार माणसं चिडीचूप होतात, कारण टेटची आरोळी ऐकू आल्याशिवाय लवेल आणि त्याच्या जोडीदारांच्या भिंतीने हलायचं नसतं. हे मोठ्या आईला कुणी सांगितलंच नव्हतं. सगळे गप्प पाहून तिला वाटलं, लोकांचा धीर सुटला. तिने छाती भरून भजन उचललं आणि बेचाळीस गळे मागोमाग निघाले.

लवेलला आरोळी ऐकूच येईना. तो अंदाजाने हलला. शिट्टी! पंचांनी कर्ण्यावरून चूक जाहीर केली, "आधी हलला, नंबर एकाहत्तर. पाच यार्ड मागे."

"ऐकलंत का?" मोठी आई उभीच राहिली. "माझ्या लेकराचा नंबर पुकारला! आमेन!"

"आमेन!" बेचाळीस जण गरजले आणि टाळ्यांसकट आणखी वरच्या पट्टीत गेले. पुन्हा शिट्टी. पुन्हा एकाहत्तर.

मोठी आईने शेजारच्या गाणारणीला ढोसलं, "अगं बर्निस, दोनदा! बाकीच्यांना कुणी विचारत पण नाही!"

ब्रँडव्होल्ड लालबुंद झाले. "त्या बाईला आधी गप्प कर!"

"साहेब, मोठ्या आईला गप्प करणारा आमच्या गावात अजून जन्मलेला नाही."

"मग बस बाकावर!"

"एक डाव द्या, साहेब. हे भजन मी सहा वर्षांचा असल्यापासून गातोय. टेट, तू हवं तेवढं ओरड. आपण कुणी हलायचं नाही. तिसरी टाळी पडली की चेंडू उचलायचा."

दोनच मिनिटं उरली होती, संघ चार गुणांनी मागे. ब्रँडव्होल्डनी डोळे मिटून मान डोलावली.

टेट ओरडला. भिंत ढिम्म! समोरचा धिप्पाड गडी मात्र टेटचं उघडलेलं तोंड पाहून उसळून अलीकडे आला. शिट्टी. "नंबर त्र्याण्णव. पाच यार्ड पुढे." परत तेच, आणि परत! चौथ्या वेळी तो बिचारा जागचा हलेना. तेवढ्यात तिसरी टाळी पडली, भिंत एकदम सुटली आणि ट्रक जाईल एवढी वाट मोकळी झाली. टेट चेंडू घेऊन तिच्यातून थेट शेवटच्या रेषेपार धावला. सामना जिंकला!

"पुढच्या वर्षी ये," ब्रँडव्होल्ड लवेलच्या गळ्यात पडले. "आणि त्या बेचाळीस जणांनाही आण!"

मोठी आई कठड्यापाशी आली ती लवेलला ओलांडून थेट त्र्याण्णव नंबरकडे वळली. तो डोळे पुसत निघाला होता.

"रडतोस काय, बाळा? तुझा नंबर तीनदा पुकारला! आमच्याचा दोनदाच."

त्याने लवेलकडे पाहिलं. लवेलने मागून हात जोडले.

"हो, आजी," तो म्हणाला.

"तुझी आई आली होती का?"

"नाही."

"मग तुझ्या वाटणीचं आमेन मी म्हणते. वाक खाली."

तो पहाड वाकला. त्याचं नाव कोल्बी रासमुसेन. आज हात जोडाल, तेव्हा त्याची आठवण ठेवा. त्याने तिला खरं काय ते सांगितलं नाही.