सिद्रामअण्णांचं सातवं घड्याळ

सिद्रामअण्णा भेटले की नमस्कार करत नाहीत. ते तुमचं मनगट धरतात, कानाला लावतात आणि डोळे मिटून ऐकतात.

माझं मनगट त्यांनी पहिल्यांदा धरलं, तेव्हा मी नुकताच पन्नाशीला टेकलो होतो आणि मुलीनं दिलेलं स्मार्टवॉच मिरवत होतो. अण्णांनी बराच वेळ कान लावला. मग माझ्याकडे दयेनं बघत म्हणाले, "भाऊसाहेब, ह्यात कायच ऐकू येईना की." ते घड्याळाबद्दल बोलत असावेत. पण मी दुसऱ्या दिवशी जाऊन कार्डिओग्राम काढून आलो.

अण्णा घड्याळजी. नवी पेठेत एका जिन्याखाली टेबल, भिंग आणि ते स्वतः, एवढंच दुकान. सोलापूरच्या मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, कारण डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत सहा घड्याळं. सहाही तबकड्यांवर तास तेरा. एसटी स्टँडवर कुणी वेळ विचारली, तर अण्णा बाही सावरत विचारतात, "कुटली? हितली का तितली?" विचारणारा मुकाट्यानं पुढच्या माणसाकडे वळतो.

'तितली' म्हणजे परग्रहावरची. चाळीसेक वर्षांपूर्वी मुंबईची सिनेमावाली मंडळी मंगळवेढ्याला आली होती. ज्वारी काढल्यावरचं भेगाळलेलं काळं रान त्यांना परग्रह म्हणून पसंत पडलं. याचा राग मानायचा की अभिमान, हे तिथल्या लोकांचं अजून ठरलेलं नाही. त्या ग्रहावरचा दिवस तेरा तासांचा होता. खरी घड्याळं पुढे मुंबईत बनणार होती. आधी नमुन्याची सात बनवून द्यायचं काम अण्णांना मिळालं. अण्णांच्या ओळखीची सोलापूरची सहा माणसं आणि मंगळवेढ्याच्या शाळेतली एक शिक्षिका, अशी सात जणं अवकाशयात्री म्हणून उभी केली. प्रत्येकाच्या हाताला एकेक नमुना बांधला. नवव्या दिवशी सिनेमा बंद पडला. मंडळी निघून गेली, ग्रहावर पुन्हा नांगर फिरला आणि घड्याळं ज्याच्या त्याच्या मनगटावर राहिली.

ती अण्णा गोळा करतात. विकत घेत नाहीत, मागतही नाहीत. माणूस गेला की घरचेच आणून देतात. तेरा तासांचं घड्याळ ठेवून करायचं काय? अण्णांच्या हातावर सहा आहेत, म्हणजे सहा जण गेले. अण्णा घड्याळांना त्या माणसांच्याच नावानं ओळखतात. आमच्याकडे चहा पिता पिता बाहीला कान लावून म्हणतात, "गुरुनाथ आज लई पुढं पळायलाय. बाबूभाई गप हाय." उन्हामुळे खोलीचे पडदे ओढलेले असतात. त्या अंधारात त्यांच्या शर्टाच्या आतून तबकड्यांचा हिरवट उजेड दिसतो आणि टिकटिकी एकमेकींच्या मागंपुढं चालत राहतात. बाहेर भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. अशा वेळी मी उठून उगाच पंखा मोठा करतो.

सातवं घड्याळ आमच्याच घरात आहे. ती शिक्षिका म्हणजे माझी आत्या. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची, आमच्याकडेच असते. रोज दुपारी तीनला अण्णा येतात आणि म्हणतात, "बाई, हात." आत्या हात पुढे करते. अण्णा ऐकतात.

हे ऐकणं पेठेत बदनाम आहे. बाबूभाई शिंप्यांच्या मनगटाला कान लावून अण्णा म्हणाले होते, "घड्याळ मागं पडायलंय." त्याच आठवड्यात बाबूभाई गेले. किराणावाल्या गुरुनाथचंही तसंच झालं. तेव्हापासून अण्णा येताना दिसले की लोक बाह्या खाली ओढतात. शेजारचे जोशी मला हळूच म्हणाले, "तुमच्याकडं रोज येतात? रोज?"

त्यात भर शेंगांची. येताना अण्णा किलोभर भुईमुगाच्या शेंगा आणतात, पण त्या फक्त आत्यानंच सोलायच्या असा त्यांचा दंडक. माझी बायको मंजू एकदा मदतीला बसली, तर त्यांनी तिच्यापुढचं सूप ओढून घेतलं. मंजूला करणीची शंका आली. सोललेले दाणे तिनं डब्यात भरून माळ्यावर टाकले. मी विज्ञानाचा पदवीधर. मी तिला हसलो, आणि शेंगाचटणी खाणं सोडलं.

मग पुण्याहून एक संग्राहक आला. कधीकाळच्या सिनेमांसाठी बनवलेल्या अशा नमुना-घड्याळांमागे वेडे झालेले लोक जगभर आहेत म्हणे. अण्णांनी त्याला आमच्याकडेच आणलं. त्यानं सांगितलेली किंमत ऐकून मी मांडी सोडून ताठ बसलो.

"पण सातही हवीत," तो म्हणाला. "संच पुरा असेल तरच."

सगळ्यांची नजर आत्याच्या मनगटाकडे गेली. सगळ्यांत आधी माझी. खोटं कशाला सांगू?

"बघता काय?" आत्या कडाडली. "मी गेल्याशिवाय सुटायचं नाही हे."

"थांबू की," अण्णा शांतपणे म्हणाले. "घाई कुणाला हाय?"

मी उठून पुन्हा पंखा मोठा केला.

पुढच्या सोमवारी अण्णांनी आत्याचा हात कानाला लावला आणि लगेच खाली ठेवला. "बाई, मागं पडायलंय."

मंजूनं आत जाऊन देवापुढे दिवा लावला. दुपारी तीन वाजता.

मी अण्णांना आमच्या जिन्यात गाठलं. "अण्णा, स्पष्ट विचारतो. तुम्ही आत्या जायची वाट बघताय का?"

अण्णा पायरीवर बसले. हातावरचं एक घड्याळ काढलं आणि खिशातल्या चाकूनं मागचं झाकण उघडलं. आत अर्ध्या चंद्रासारखं एक वजन डुलत होतं.

"हे हातासंगट हालतंय, त्यावर घड्याळाला चावी बसती. हात हालंना झाला की घड्याळ मागं पडतंय. त्यात भूत न्हाय, भाऊसाहेब. बाबूभाईची कात्री बंद पडली हुती. घरच्यांना म्हणलो, माणूस हालंना, डॉक्टरकडं न्या. त्यांनी मलाच हाकललं."

"मग त्या शेंगा..."

"व्हय. बाईंचा हात हालावा म्हणून."

"आणि संच?"

"मला सातवं नको." अण्णांनी झाकण दाबून बसवलं. "तो शिनेमा कुणी बघितला न्हाय. फोटू न्हाईत. बाई हायेत तवर आमी दोघं सांगणारे. बाई गेल्या की मी एकटा. लोक म्हणतील, म्हातारं फेकायलंय. मग हळूहळू मलाबी तसंच वाटंल की."

मी खाली जाऊन रिक्षा घेऊन आलो. डॉक्टरांनी तपासलं, आत्याचं हृदय अशक्त झालं होतं. औषधं सुरू झाली, पण तिनं अंथरूण धरलं. शेंगा सोलणं थांबलं.

आता अण्णा तीनऐवजी एक वाजताच दुकान बंद करून येतात.

काल मी दारातून पाहिलं. आत्या डोळे मिटून पडली होती. अण्णा स्टुलावर बसले होते. आत्याचा घड्याळाचा हात दोन्ही हातांत घेऊन, पाळण्याला झोका द्यावा तसा हळूहळू हलवत होते, आणि सांगत होते.

"मग तुमी सातजण रानात उभारला की. चंदेरी कपडे घालून..."

"चंदेरी कुठले, सिद्राम?" आत्या डोळे न उघडता म्हणाली. "पिवळे होते."

"हौदु, व्हय, पिवळेच. आणि वरनं पाऊस..."

"पाऊस? अरे, मरणाचं ऊन होतं. तो दाढीवाला डायरेक्टर चक्कर येऊन पडला नाही का?"

"व्हय की. पडला."

ही गोष्ट अण्णांनी मला निदान शंभरदा तरी सांगितली आहे. कपडे प्रत्येक वेळी पिवळे होते आणि ऊन प्रत्येक वेळी मरणाचं.

आत्याच्या ओठांवर काहीतरी हललं. अण्णांनी तिचा हात पुन्हा एकदा हळूच झुलवला, आणि पुढचंही चुकीचं सांगायला घेतलं.