खासगीपणाचं जाहीर रक्षण

बातमी ही मुळात अपुरी वस्तू आहे. तिच्यावर कुणीतरी भाष्य केल्याशिवाय ती घडली, असं समाजाला मानता येत नाही. एखाद्या कंपनीनं लाखो लोकांची माहिती पळवली तर ती नुसती चोरी. पण सकाळचा चहा व्हायच्या आत कुणीतरी ‘मी हे आधीच सांगितलं होतं’ असं लिहिलं, की त्या चोरीला प्रतिष्ठा येते. हे आधीच सांगून ठेवण्याचं काम करणारी माणसं समाजात फार थोडी. त्यांतलं एक आमच्या घराण्याच्या वाट्याला यावं, हे आमचं पूर्वसुकृत म्हणायचं.

ते माझे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. लोकांचे फोन एकमेकांना जोडून देणं हे त्यांचं काम होतं, आणि जोडून दिला की आपला कान काढून घ्यायचा, असा खात्याचा नियम होता. (नियम पाळत होतात का, असं विचारलं तर भाऊजी त्या काळातल्या तीन मोडलेल्या लग्नांची साद्यंत हकिगत सांगतात. तिन्ही बाजूंची.) तेव्हा खासगीपणा या विषयाचा इतका आतून अभ्यास केलेला माणूस दुसरा मिळणं कठीण.

निवृत्तीनंतर त्यांनी मोबाइलवर ग्रुप काढून ‘पहारा’ नावाचं दैनिक भाष्य सुरू केलं. विषय तीन. तंत्रज्ञानाबद्दल त्यांचं मत असं, की ते वाईट आहे. राजकारणाबद्दल मत असं, की तेही वाईट आहे, पण तंत्रज्ञानामुळे. खासगीपणा मात्र चांगला आहे, फक्त तो संपला आहे. ही तीन मतं भाऊजी रोज नव्यानं मांडतात. चौकात चेहरे ओळखणारे कॅमेरे लागले, मांडली. सरकारनं कॅमेऱ्यांवर बंदी आणायची म्हटली, तरी मांडली, कारण सरकार कॅमेऱ्यांवर बंदी आणतंय म्हणजे त्याच्याकडे काहीतरी त्याहून भारी आलं असणार. बिनतोड!

‘पहारा’चे वाचक चारशे बारा. यांतले सत्तर टक्के भाऊजींनी स्वतः, कुणाला न विचारता, आपल्या फोनमधले सगळे नंबर एका बैठकीत टाकून मिळवले. त्यात दूधवाला, नळ दुरुस्त करणारा, जुने साहेब, आणि माझी भाची जिथं नोकरी करायची तिथला मालक, असे सर्व थरांतले लोक आले. (परवानगीशिवाय नंबर वापरणाऱ्या कंपन्यांवर भाऊजींनी जो जळजळीत मजकूर लिहिला, तो याच मंडळींना गेला. तो वाचून अकरा जण बाहेर पडले. त्यांना परत आत घेण्यात आलं.)

आता तत्त्वावर लिहिलं तर कुणी वाचत नाही, ही या धंद्यातली अडचण. ‘आरोग्याची माहिती आणि नागरिकांचे अधिकार’ या मजकुराला तीन अंगठे आले, त्यांत एक भाऊजींचाच. मग त्यांनी ‘जिवंत उदाहरणाची पद्धत’ शोधून काढली. तपासणीवाल्यांनी ताईचा रक्ताचा रिपोर्ट फोनवर पाठवला होता. भाऊजींनी त्यावरचं नाव पेनानं काळं केलं, रिपोर्टचा फोटो काढला आणि वर लिहिलं, ‘माझ्या पत्नीचा हा अत्यंत खासगी रिपोर्ट पाहा. उद्या हा कुणाच्याही हाती पडू शकतो!’ उद्याची वाट कशाला बघायची? आजच चारशे बारा जणांच्या हाती पडला. दोनशे जणांनी काळजी व्यक्त केली, नव्वद जणांनी औषधं सुचवली, आणि वाण्याच्या बायकोनं भर दुकानात ताईला विचारलं, “वजन त्यामुळेच वाढलंय का हो?”

ताई घरी आली ती पिशवी आपटतच. “माझं नाव काळं केलंत, आणि वर ‘माझी पत्नी’ लिहिलंत. किती बायका आहेत हो तुम्हाला?”

“नाव घेतलं का मी कुठं? तत्त्व म्हणजे तत्त्व,” भाऊजी म्हणाले.

आणि ते खरंच आहे. ओळख गुप्त ठेवण्याच्या बाबतीत भाऊजी फार काटेकोर. व्यक्तीचं नाव घेणे नाही, फक्त नातं सांगणे. फोटो टाकल्यास डोळ्यांवर काळी पट्टी ओढणे (कपडे, नाक, मागचं घर आणि दारातली चप्पल यांस हा नियम लागू नाही). पत्ता देणे नाही, फक्त गल्ली, मजला आणि दाराचा रंग. मोठमोठ्या संस्थांनी घ्यावा असा हा नमुना आहे, पण आपल्याकडे कदर कुणाला!

घरच्यांनी तर मुळीच केली नाही. ती माणसं हळूहळू भाऊजींसमोर बोलेनाशी झाली. ताईला माझ्याशी काही मनातलं बोलायचं असलं, की ती स्वयंपाकघरात मिक्सर लावायची. मिक्सर रिकामाच फिरायचा आणि आम्ही दोघी त्याच्याशेजारी डोक्याला डोकं लावून बोलायचो. विजेचं बिल वाढलं, तेव्हा भाऊजींनी ‘घरातील यंत्रे आपल्या नकळत काय करतात?’ या विषयावर तीन भागांत लिहिलं. तिन्ही गाजले.

आणि मग भाचीचं प्रकरण झालं.

भाची म्हणजे ताई-भाऊजींची एकुलती एक लेक. दातांच्या टोप्या घडवायचं काम करते. डॉक्टर साचा पाठवतात, त्यावर ही मेण चढवते, कोरते, रंग लावते, आणि अशी दाढ तयार करते की शेजारच्या खऱ्या दाढेनं खजील व्हावं. चार वर्षं एका प्रयोगशाळेत होती. तिथून तिला निघायचं होतं. लवकरात लवकर निघायचं होतं. का, ते ताईला आणि मला माहीत होतं. त्या मिक्सरच्या आवाजातच कळलं होतं. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत तिनं गुपचूप अर्ज केला होता. त्यांनी नमुन्याची दाढ करून मागितली, ती त्यांना फार आवडली. आता एकच गोष्ट राहिली होती. त्या कंपनीचं एक ॲप फोनमध्ये घ्यायचं होतं, आणि ते ॲप विचारत होतं, की तुमचे फोटो बघू का, तुमचे नंबर बघू का, तुम्ही कुठं असता ते बघू का. पोर बिचकली. कुणाला विचारावं?

आता तुम्हीच सांगा, ज्या घरात या विषयातला एवढा जाणकार माणूस रोज आरामखुर्चीत बसलेला असतो, त्या घरातली लेक दुसरीकडे कुठं जाणार?

“बाबा, एक विचारायचंय,” ती म्हणाली. “पण हे कुठं लिहायचं नाही हं. मालकांना कळलं तर माझं काही खरं नाही.”

“अगं, मला सांगतेस? खासगीपणासाठीच तर झिजतोय मी.”

तिनं सगळं सांगितलं. कोणती कंपनी, कोणतं ॲप, काय काय मागतंय. भाऊजींनी मान डोलावत ऐकलं. त्यांचे डोळे हळूहळू चमकायला लागले. मला वाटलं, बापाची माया आहे. मग ते म्हणाले, “यात फार मोठा मुद्दा आहे.”

ताईच्या हातातला झारा तिथंच थांबला. “मुद्दा नाहीये हो तो! नोकरी आहे पोरीची!”

“तेच म्हणतोय मी,” भाऊजी म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ‘पहारा’ आला. मथळा होता, ‘नोकरी हवी? मग आधी अब्रू गहाण ठेवा!’ मजकूर असा: ‘माझ्या परिचयातील एक तरुणी (तिची ओळख गुप्त राहावी म्हणून ती माझी मुलगी आहे हे येथे नमूद करीत नाही) सध्या दातांच्या एका प्रयोगशाळेत काम करते आणि मालकाला कळू न देता ती नोकरी सोडण्याच्या बेतात आहे...’ पुढे नव्या कंपनीचं नाव, तिच्या ॲपचा फोटो, ‘हे हेरगिरीचे दुकान आहे’ असं मत, आणि सर्व सुजाण तरुणांनी या कंपनीवर बहिष्कार टाकावा असं आवाहन.

लिखाण म्हणून सांगते, भाऊजींनी इतकं चांगलं कधीच लिहिलं नव्हतं. दूधवाल्यानंसुद्धा दोन ठिकाणी पाठवलं. एकट्या त्या दिवशी साठ नवे वाचक स्वतःहून आले. आणि अंगठा देणाऱ्यांत अगदी पहिल्या पाचांत होते भाचीचे मालक.

भाची कामावर गेली तेव्हा तिचं टेबल स्वच्छ पुसलेलं होतं. मेण कोरायच्या तिच्या सुऱ्या, रंगाचे ब्रश, भिंग, सगळं एका नॅपकिनात बांधून बाहेरच्या स्टुलावर ठेवलेलं. मालक अतिशय सभ्यपणे बोलले. “तुमच्या बाबांचं मी नेहमी वाचतो. फार निर्भीड लिहितात. तुम्हाला पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा.” मजकूर फिरत फिरत नव्या कंपनीपर्यंतही पोचला होता; दुपारी तिचा निरोप आला. त्या लोकांनाही नावं ठेवायला जागा नाही. आपल्या कुटुंबाच्या मूल्यांचा आम्हाला आदर आहे, आमचं ॲप घेण्याची सक्ती आपल्यावर करणं आमच्या तत्त्वांत बसत नाही, सबब आपला अर्ज निकाली काढत आहोत. थोडक्यात, हातचं गेलं आणि पळतंही गेलं, पण एका शब्दानं कुणी कुणाचा अपमान केला नाही.

भाची घरी आली आणि नॅपकिनाचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बघ! मी आधीच सांगितलं होतं. या लोकांना सत्य सहन होत नाही. आता याचा दुसरा भाग—”

“एक अक्षर लिहिलंत तर बघा!” ताई ओरडली. तिच्या पस्तीस वर्षांच्या संसारात मी तिचा असा आवाज ऐकला नव्हता. “पोरीचा घास काढलात तोंडातला! तिच्याच बापानं! आणि वर भाग पाडताय त्याचे? आग लागो तुमच्या त्या मुद्द्याला!”

भाऊजी खरोखरच गोंधळले. “पण मी नाव कुठं घेतलं तिचं?”

यावर काय बोलणार, कप्पाळ! मग भाचीच बोलली, अगदी हळू. “बाबा, मी तिथून का निघत होते, हे विचारलंत का तुम्ही मला?”

नव्हतं विचारलं. एवढ्या मोठ्या मजकुरात ते कुठंच नव्हतं, कारण मुद्द्याला त्याची गरज नव्हती.

मग तिनं सांगितलं. मिक्सर न लावता, सगळ्यांसमोर, सांगितलं. फार वेळ लागला नाही. भाऊजींनी चष्मा काढला आणि परत घातलाच नाही. समोर टेबलावर त्यांचा फोन सारखा थरथरत होता. वाचक विचारत होते, ती तरुणी पुढे काय करणार? ती नोकरी का सोडत होती? आतली गोष्ट काय आहे? काही दडवलं जातंय का? जुन्या साहेबांचं म्हणणं होतं, की जनतेला जाणून घेण्याचा अधिकार आहे. भाऊजींनी फोन हातात घेतला. ताई उभी राहिली. मला वाटलं, आता हा माणूस लिहिणार. आयुष्यातला सगळ्यात मोठा मुद्दा त्याला आत्ताच मिळालाय.

त्यांनी फोन बंद केला आणि तो लेकीच्या हातात दिला. “तू ठेव,” म्हणाले. एवढंच. मग बाहेर जाऊन जिन्यात बसले. त्यांना रडताना मी पहिल्यांदा बघितलं, आणि माझं हसू, राग, सगळंच विरघळलं हो.

तेव्हापासून ‘पहारा’ बंद आहे. भाचीला अजून काम मिळालेलं नाही. ती शोधते आहे आणि हात बसून राहू नये म्हणून घरच्या टेबलावर नमुन्याच्या दाढा करते. भाऊजी तिच्यासमोर भिंग धरून बसतात आणि काही बोलत नाहीत. वाचक नाराज आहेत. भर गोष्टीत सोडून जाणं ही वाचकांची फसवणूक आहे, असं एकानं कळवलं आहे.

हे सगळं मी भाचीला वाचून दाखवलं आणि तिच्या परवानगीनंच लिहिलं. तिनं एकच भाग काढायला लावला, ती का निघत होती तो. काढला. तो साधा होता की भयंकर होता, हेही सांगायचं नाही, असं तिनं बजावलं आहे.

आता खरं सांगा. पोरीची नोकरी गेली, तेव्हा तुम्ही हळहळलात ना? हळहळलातच, चांगली माणसं आहात तुम्ही. पण आत्ता या घडीला तुम्ही तिच्या नोकरीचा विचार करत नाही आहात. मालकानंच काहीतरी केलं असेल, नाहीतर हिचंच काही असेल, उगीच कोण कशाला निघेल, असं सुरू झालंय. चालू द्या. एक-दोघांचं तर ठाम मतही बनलं असेल, काही माहीत नसताना. एवढं भाऊजींनाही कधी जमलं नाही.