आमदार गवेरावांची काटकसर

ही गोष्ट मी आमच्या आळीतल्या बायकांना सांगितली, तर एकीनंही खरी मानली नाही. म्हणाल्या, गवा कुठं आमदार होतो का? का नाही व्हायचा? अंगानं दांडगा, डोक्यावर शिंगं, कुणाचं ऐकत नाही. अजून काय लागतं? पोरांनो, तुम्ही तरी नीट ऐका. आधी नाकं पुसा.

एका जंगलात पाणी कमी आणि सभा जास्त होत्या. तिथं घूसशेठची कोठी होती. जनावरं हिवाळ्यात तिथं माल ठेवायची आणि उन्हाळ्यात थोडा वाढीव घेऊन जायची. धुरपदा साळिंदरणीनं आपले सगळे कंद तिथंच ठेवले होते. उन्हाळ्यात जमीन दगड होते, उकरता येत नाही. पिल्लांच्या तोंडात घालायला तेवढाच आधार.

कोठीच्या दारात सरकारी रानमांजर बसायचं. आत जाऊन कोपरे हुंगायचं. खजिन्यातून त्याला पगार म्हणून मासा मिळायचा.

घूसशेठ आमदार गवेरावांकडे रडत गेला. "साहेब, मांजर नुसतं बघतं हो! मला धंदाच सुचत नाही. छातीत धडधडतं."

गवेराव सभेत उभे राहिले. "खजिना रिकामा आहे. सरकारनं पोट आवळलं पाहिजे." बोलताना तोंडातलं सरकारी कुरणाचं गवत खाली पडलं. ते त्यांनी उचलून परत खाल्लं. काटकसर म्हणतात ती हीच. "मांजर काढा, मासा वाचवा. धंदेवाल्यावर पहारा कशाला? तो आपला आपण सज्जन राहतो."

टाळ्या पडल्या. मांजर घरी गेलं.

थोड्याच दिवसांत कोठीमागं ताज्या मातीचा ढीग दिसायला लागला. धुरपदा तडक आमदारांकडे गेली.

"साहेब, शेठ भुयार खणतोय. माल बाहेर चाललाय."

"बाई, ते नवी शाखा काढतायत."

"जमिनीखाली?"

"विकासाचा पाया जमिनीखालीच असतो. तू शिकलीयस किती?"

"ते राहू द्या. माझे कंद द्या, मी जाते."

"असं सगळ्यांनी मागितलं तर कोठी चालायची कशी? जरा विश्वास ठेवायला शीक."

मग गवेरावांनी त्या ढिगावर चढून शाखेची फीत कापली. दातांनी. फीतही खाल्ली.

उन्हाळा आला. धुरपदेची पिल्लं भुकेनं एकमेकांचे काटे चघळायला लागली. तिनं कोठीचं दार ढकललं, तर आत नुसती हवा. छान गार होती, एवढंच. घूसशेठ पलीकडच्या डोंगरावर थंड हवेला गेला होता.

पुन्हा सभा भरली. गवेराव म्हणाले, "कोठी बुडाली तर जंगलाची अब्रू जाईल. शेठना खजिन्यातून दाणा द्या."

"आणि आम्हाला?" धुरपदा ओरडली.

"बाई, खजिना रिकामा आहे."

चौकशी समिती बसली. अध्यक्ष चिचुंदरराव, घूसशेठचे मेहुणे. मांजराला कुणी विचारलं नाही, कारण ते नोकरीत नव्हतं. अहवाल आला: कोठी भक्कम होती. पण कुणीतरी "माल चाललाय" असं मोठ्यानं बोललं. त्यानं मालाचं मन दुखावलं आणि तो निघून गेला.

तात्पर्य: चोरी खणल्यानं होत नाही, ती बघितल्यानं होते. म्हणून शहाण्या मुलांनी कोठीकडे पाठ करून बसावं. आणि जंगल कुणी बुडवलं असं परीक्षेत आलं, तर गवेरावांचं नाव लिहून मार्क घालवू नका. बरोबर उत्तर एकच: धुरपदा साळिंदरीण.